व्यसन सुटल्यानंतरचे दिवस

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनांत वाचण्यासाठी तयार केलेले व्याख्यान)



"अमक्याने दारू सोडली," असे खेड्यात म्हणतात, ते बैल विकला किंवा वावर वाट्याने दिले असे म्हणावे तितक्या सहजपणे. व्यवहार झाला, विषय मिटला, असा त्या बोलण्याचा भाव असतो. गाव त्या माणसाकडे आठ दिवस कौतुकाने पाहते, पुढचे आठ दिवस संशयाने पाहते आणि मग त्याला विसरते. ज्याने दारू सोडली त्याला मात्र ती दररोज सोडावी लागते. सकाळी उठल्यावर सोडावी लागते, बाजाराच्या दिवशी मालाचे पैसे हाती आले की पुन्हा सोडावी लागते, आणि दिवेलागणीनंतर, जेव्हा पूर्वीचे सोबती गुत्त्याची वाट धरतात, तेव्हा तर सर्व बळ एकवटून सोडावी लागते. शाळांतून व्यसनमुक्तीविषयी जे सांगितले जाते त्यात दारूचे दुष्परिणाम पुष्कळ असतात. या नंतरच्या दिवसांविषयी जवळजवळ काहीच नसते. म्हणून प्रस्तुत व्याख्यानात भर त्यांच्यावरच दिला आहे.

प्राथमिक शिक्षकाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वर्गातच बसलेले असते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जे मूल नेमके गैरहजर राहते, जे तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकून झोपी जाते, ज्याच्या वहीची पाने कोणीतरी फाडलेली असतात, त्या मुलाच्या घरी रात्री काय घडले हे बहुधा साऱ्या गावाला ठाऊक असते आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याची नोंद केवळ 'गै' एवढीच होते.

आता व्यसन म्हणजे काय ते पाहू जाता, हा शब्दच विचार करण्यासारखा आहे. संस्कृतात 'व्यसन' म्हणजे वाईट खोड, तसेच 'व्यसन' म्हणजे संकट. मराठीने पहिला अर्थ ठेवला आणि दुसरा टाकला. वैद्यकशास्त्र मात्र गेल्या शतकापासून दुसऱ्या अर्थाकडे वळले आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५६ साली मद्यासक्तीला आजार मानले. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे, तीत मद्य व अन्य मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित असलेल्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे. म्हणजे जो माणूस गटाराच्या कडेला पडलेला दिसतो, तो कायद्याच्या दृष्टीनेही उपचारास पात्र असा रोगी आहे.

हा आजार कसा जडतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. भुकेल्यास अन्न मिळाले, श्रमलेल्यास विसावा मिळाला, कोणी पाठीवरून हात फिरविला, की मेंदूत समाधान उत्पन्न करणारी एक यंत्रणा जागी होते. तिच्यात डोपामिन नावाच्या द्रव्याचे मोठे काम असते. दारू, अफू, गांजा, गर्द, तंबाखू हे पदार्थ याच यंत्रणेला कृत्रिम रीतीने आणि फार जोराने हलवितात. वारंवार असे झाले म्हणजे मेंदू त्या जोराशी जुळवून घेतो. मग पूर्वी एका पेल्यात जे मिळत असे, त्यासाठी दोन लागतात, पुढे चार लागतात. शेवटी अशी पाळी येते की तो मनुष्य सुखासाठी पीतच नाही. हात थरथरू नयेत, घाम सुटू नये, झोप लागावी, एवढ्यासाठी पितो. पिणारा प्रत्येकजण या अवस्थेला पोहोचतो असे नाही. कोण पोहोचेल यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. किती लहान वयात सुरुवात झाली, भोवती सोबत कशी होती, मनात कोणते दुःख दडले होते, याही गोष्टी कारण होतात.

"मनात आणले तर सुटते," असे म्हणणाऱ्यांची संख्या गावात कमी नसते. मनाचा संबंध आहेच. परंतु ज्या मेंदूने निश्चय करावयाचा, त्याच मेंदूला रोग झालेला आहे, ही यातील मूळ अडचण आहे. मधुमेह झालेल्यास गोड खाण्याची इच्छा झाली म्हणून कोणी त्याला चारित्र्यहीन म्हणत नाही. पण त्याने पथ्य पाळले पाहिजे हेही कोणी नाकारीत नाही. व्यसनाचेही तसेच आहे. आजार म्हटल्याने बायकोला मारण्याची, मुलाच्या शिष्यवृत्तीचे पैसे पिऊन टाकण्याची जबाबदारी पुसली जात नाही. रोग्याला दोष न देणे आणि त्याच्या कृत्यांना माफी देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि गावाच्या बोलण्यात त्यांची सदैव गल्लत होते.

एक धोका येथेच सांगून ठेवणे अगत्याचे आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरच्यांनी खोलीत कोंडून किंवा देवापुढे शपथ घालून एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तो असंबद्ध बडबडू लागतो, नसलेली माणसे व किडे त्याला दिसू लागतात, अंग तापते. गावात याला भुताची बाधा समजून अंगारा लावतात. ही बाधा नव्हे. ही प्राणावर बेतणारी वैद्यकीय अवस्था आहे, आणि तिच्यावर रुग्णालयात चांगला इलाज होतो. मालेगावकडे 'कुत्ता गोळी' या विचित्र नावाने ज्या झोपेच्या गोळ्या नशेसाठी विकल्या जातात, त्यांची सवय जडलेल्यालाही त्या झटक्यात बंद केल्यास असाच अपाय होतो. म्हणून पहिले पाऊल डॉक्टरकडे, हे ध्यानात ठेवावे.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न एकाच रूपाने वावरत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेकडील तालुक्यांत मोहाचे झाड हे निव्वळ दारूचे झाड नाही. त्याची फुले अन्न म्हणून खाल्ली जातात, बियांचे तेल निघते, आणि कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांच्या काही धार्मिक विधींत मोहाच्या दारूला स्थान आहे. इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर स्वतःचे नियंत्रण बसविले आणि मक्तेदाराची दुकाने आली. देवाला धार घालून वर्षातून चार वेळा पिणे आणि दुकानातून रोज विकत घेऊन पिणे यांत जे अंतर आहे, ते शिक्षकाने ओळखले पाहिजे. पाड्यावर जाऊन मोहाची निंदा करणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, आणि ते योग्यच होय. परंतु नवसागर घालून हातभट्टीवर गाळलेली दारू ही मोहाची परंपरा नव्हे. अशा चोरट्या दारूत विषारी मिथेनॉल मिसळले की काय होते, ते २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात दिसले. शंभराहून अधिक माणसे त्यात दगावली.

दिंडोरी-निफाडच्या बागायती पट्ट्यात चित्र निराळे आहे. तेथे द्राक्षाच्या हंगामात पश्चिमेकडून मजूर येतात, आठवड्याचा पगार बाजाराच्या दिवशी हाती पडतो आणि त्याच दिवशी जातो. बागायतदाराच्या घरीही हा रोग शिरतो. फक्त तेथे तो बंद दाराआड असतो. शहरानजीक रासायनिक नशेने पाय पसरले आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन तयार करणारा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला, तेव्हा पुष्कळांना या पदार्थाचे नावही प्रथमच कळले.

या संकटाविरुद्ध महाराष्ट्रात उठलेला आवाज जुना आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी १८८० मध्ये दारूची दुकाने वाढविण्यास लेखी विरोध केला. गाडगे महाराज हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात दारूविषयी श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. त्यांची धर्मशाळा नाशिकमध्ये आजही उभी आहे. १९४९ साली मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा झाला. या सर्व प्रयत्नांचा रोख दारू बंद करण्यावर होता. जो आधीच तिच्या तावडीत सापडला आहे त्याचे काय करावे, या प्रश्नाकडे लक्ष जाण्यास आणखी काळ जावा लागला.

ते लक्ष वेधले गेले गर्दमुळे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुणांत 'गर्द' किंवा ब्राऊन शुगर या हेरॉइनच्या भेसळयुक्त प्रकाराचा फैलाव झाला. डॉ. अनिल अवचट यांनी त्या मुलांमध्ये हिंडून लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि उपचारकेंद्रासाठी त्यांनी आर्थिक साहाय्य पुढे केले. लेखकाच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी हे काम अंगावर घेतले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या रुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये निवर्तल्या, डॉ. अनिल अवचट २०२२ मध्ये; त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते कार्य पुढे चालविले आहे.

मुक्तांगणात रुग्ण सुमारे पाच आठवडे राहतो. पहिल्या काही दिवसांत औषधोपचाराने शरीराचा त्रास उतरतो. मग प्रश्न असा की उरलेले महिनाभर त्याला का ठेवून घ्यायचे? कारण शरीरातून दारू निघून जाण्यास थोडे दिवस पुरतात, दारूभोवती रचलेली दिनचर्या मोडण्यास पुरत नाहीत. सकाळी उठणे, व्यायाम, स्वतःची खोली झाडणे, गटात बसून बोलणे, दुसऱ्याचे ऐकणे, ही अगदी बालवर्गातील शिस्त तेथे चाळिशीतील माणूस नव्याने गिरवितो. शिक्षकाला हे समजण्यास अवघड जाऊ नये. आणखी एक गोष्ट तेथे फार मोलाची मानली जाते: जे स्वतः या आजारातून बाहेर आले, तेच पुढे नवीन आलेल्यांना सांभाळू लागतात.

या पद्धतीचे मूळ दूरदेशी आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल कामानिमित्त ओहायोतील ॲक्रन या गावी गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. व्यवहार फसला, गाव परके, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या दालनात एका टोकाला मद्यालय. पाय तिकडे ओढू लागले, तेव्हा त्याने दूरध्वनी गाठला आणि गावातील धर्मोपदेशकांपैकी एकास विचारले की, येथे कोणी दारुडा आहे काय, ज्याच्याशी बोलता येईल. त्या खटपटीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. डॉ. स्मिथ स्वतः दारूत बुडालेले होते. दोघे तासन्‌तास बोलत बसले. १० जून १९३५ रोजी डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघाचा स्थापनादिन मानला जातो. येथे लक्षात घेण्यासारखे हे की विल्सन त्या दिवशी उपदेश करावयास गेला नव्हता. त्याला स्वतःला वाचावयाचे होते. आज या संघाच्या सभा नाशिकमध्येही भरतात. फी नसते, आडनाव विचारीत नाहीत. तेथे कोणी जन्मभराची प्रतिज्ञा घेत नाही. फक्त आजचा दिवस पिणार नाही, एवढाच विचार करतात. उद्याचे उद्या.

नाशिक जिल्ह्याला याहून परिचित असा एक मार्ग आहे, तो माळेचा. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी असल्याने येथे वारकरी संप्रदाय घरोघर आहे, आणि गळ्यात तुळशीची माळ घातल्यावर दारू सुटली अशी माणसे अनेक गावांत आढळतात. हे कसे घडते? केवळ शपथेने घडते असे म्हणणे अपुरे आहे, कारण शपथा तर पुष्कळांनी घेतलेल्या आणि मोडलेल्या असतात. माळ घातलेल्या माणसाला सायंकाळी हरिपाठाला जावे लागते. म्हणजे ज्या वेळी तो गुत्त्यावर बसत असे, नेमक्या त्याच वेळी तो देवळात दहा माणसांत बसलेला असतो. हातात टाळ असतो, हात रिकामे राहत नाहीत. तो दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणी तरी घरी चौकशीला येते. आषाढीला दिंडीत पायी चालून पंढरपूरपर्यंत नवे सोबती मिळतात. रिकामी सायंकाळ भरली गेली, सोबत बदलली, आणि गावाने त्याला 'दारुड्या' ऐवजी 'माळकरी' हे दुसरे नाव दिले. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला हीच तीन कामे भजनाऐवजी तालमीतून, वाचनालयातून किंवा ॲक्रनच्या त्या संघातून साधता येतात.

या मार्गात एक उणीवही आहे. माळकऱ्याने एकदा चोरून पेला घेतला तर गावाच्या लेखी तो भ्रष्ट झाला. तो माळ काढून ठेवतो, देवळाकडे फिरकत नाही, आणि ज्या दिवशी सोबतीची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवसापासून तो एकटा पडतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे एकदा पाय घसरणे आणि पुन्हा खाईत जाणे यांत स्पष्ट फरक करतात. ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याच प्रश्नाचा अभ्यास करून असे दाखविले की, पहिल्या घोटापेक्षा "आता सारे संपलेच" हा त्या घोटामागून येणारा विचार अधिक घात करतो. ज्याचा पाय घसरला त्याला त्याच रात्री जो म्हणतो, "आजचे आज झाले, उद्या सकाळी केंद्रावर फोन करू," तो त्याचा खरा आप्त समजावा.

पाय घसरण्याचे प्रसंगही थोडेफार ठरलेले असतात. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चार अवस्थांत ओढ प्रबळ होते, असा या क्षेत्रातील जुना अनुभव आहे. त्यात जिल्ह्याचे स्वतःचे पंचांग मिळवावे: शिमगा, पोळा, लग्नसराईतील वरात, कांद्याची पट्टी हाती पडण्याचा दिवस, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक. निवडणुकीच्या त्या पंधरवड्यात फुकट दारू वाटणारे पुढारी किती महिन्यांचे उपचार वाया घालवितात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ओढ आली म्हणजे ती अशीच वाढत जाईल असे त्या माणसाला वाटते. तसे होत नाही. लाट उठावी, माथ्यावर जावी आणि ओसरावी तशी ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काढणे हीच विद्या आहे. पोटभर जेवून घ्यावे, विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घ्यावे, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशी बोलावे, मुलाला घेऊन बांधापर्यंत चालत जावे. मालाचे पैसे आणण्यास पहिले काही महिने एकट्याने जाऊ नये. डॉक्टर काहींना ओढ कमी करणारी गोळी देतात; काहींना अशी गोळी देतात की तिच्यावर दारू घेतल्यास भयंकर त्रास व्हावा. ही दुसऱ्या प्रकारची गोळी घरच्यांनी न सांगता भाजीत घालण्याचा प्रकार खेड्यांत चालतो. तो जिवावर बेतू शकतो आणि विश्वासाचाही घात करतो. तो कधीही करू नये.

आता घराकडे वळू. नवरा पीत असताना जी स्त्री घर चालविते, ती सतत पहाऱ्यावर असल्यासारखी जगते. पावलांच्या आवाजावरून तिला कळते की आज किती झाली आहे. तो सुधारून परत आला तरी तिचा पहारा एकदम उठत नाही. ती त्याचा श्वास हुंगते, खिसे तपासते, शेजारणीला विचारते. त्याला वाटते, महिनाभर कष्ट केले आणि घरात काडीची किंमत नाही. दोघांचेही बरोबर असते. मुक्तांगणाने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाने निराळे गट चालविले ते याच जाणिवेने, की या आजाराचे रुग्ण घरात एकाहून अधिक असतात. पिणाऱ्याला पाच आठवडे मिळतात. विश्वास परत येण्यास वर्ष लागते, दोन लागतात. तोवर घरच्यांनी रोज उठून जुन्या पापांचा पाढा वाचू नये आणि त्यानेही विश्वासाची मागणी करू नये, एवढी तडजोड पुष्कळ झाली.

एवढे उपचार उपलब्ध असता रोगी तेथवर पोहोचतात किती? केंद्र शासनाच्या वतीने झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींमागे एकीलाच काही ना काही उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारी १८० मागे एक असते. बाकी सर्व घरी, गावात, आपापल्या परीने झुंजत असतात. त्याच अहवालात शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक नोंद आहे. इतर सर्व नशांचे प्रमाण प्रौढांत अधिक आढळले. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण तेवढे मुलांत प्रौढांहून अधिक आढळले. पंक्चरचे सोल्युशन, खोडरंग, थिनर या वस्तू कोणत्याही दुकानात मिळतात आणि त्यांना दारूसारखा दुर्लौकिक नाही. मुलाच्या कपड्यांना येणारा रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती उठलेले पुरळ, दप्तरातील चिंधी, एकाएकी आलेली गुंगी, यांकडे शिक्षकाचे लक्ष असावे. अशा मुलाला सर्वांसमक्ष छडी मारल्याने त्याची शाळा सुटेल. सोल्युशन सुटणार नाही.

गावोगावी एक प्रथा सर्रास दिसते, ती म्हणजे बापाने मुलाला बाटली आणण्यास दुकानावर पाठविणे. ती क्षुल्लक समजली जाते. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमान्वये बालकास मद्य, मादक पदार्थ किंवा तंबाखू देणे, आणि ७८ व्या कलमान्वये मद्याच्या विक्रीसाठी वा ने-आण करण्यासाठी बालकाचा वापर करणे, हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा अपराध आहे. पालकसभेत हे कलम कोणाचे नाव न घेता वाचून दाखविले तरी पुष्कळ काम होते. दुसऱ्या बाजूने एक भीतीही दूर केली पाहिजे. गर्द वा तत्सम पदार्थाच्या आहारी गेलेला तरुण दवाखान्यात गेला तर पोलीस पकडतील, असे घरच्यांना वाटते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातच कलम ६४-अ आहे; स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारास जाणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या बाबतीत, खटल्यापासून संरक्षण मिळते. तसेच एखाद्या केंद्रात रुग्णाला साखळीने बांधून ठेवीत असतील तर ते ठिकाण टाळावे. २०१७ चा कायदा त्यास मनाई करतो.

शाळेने काय करावे, यापेक्षा काय करू नये हे आधी सांगितलेले बरे. २ ऑक्टोबरपासून दारूबंदी सप्ताह येतो. प्रभातफेरी निघते, मुलांच्या हाती फलक असतात, आणि त्यावर दारू पिणाऱ्याचे चित्र असते: लाल नाक, फाटका सदरा, पाय वाकडे. ज्या मुलाचा बाप तसाच आहे, त्याच्याही हाती तोच फलक दिला जातो. फेरी त्याच्या दारावरून जाते. बाप ओट्यावर बसलेला असतो. कदाचित त्याला सोडून वीस दिवस झालेले असतात. मुलगा मान खाली घालतो, शेजारची मुले त्याच्याकडे पाहून हसतात, आणि घोषणा सुरूच असते. या फेरीने कोणाची दारू सुटली असेल असे वाटत नाही. त्या मुलाने मात्र त्या दिवशी शाळेत जे शिकले, ते तो कधी विसरणार नाही. फेरी काढूच नये असे नव्हे. फलकावर माणसाचे विडंबन नसावे. त्याऐवजी मदत कोठे मिळते ते लिहावे. 'माझे बाबा' हा निबंध सक्तीचा नसावा, किंवा 'मला आवडणारे घरातील माणूस' असा विषय द्यावा म्हणजे मूल आजीवर लिहू शकेल.

त्या मुलाला शाळेकडून जे हवे असते ते थोडेच असते. शाळेची वेळ रोज तीच असावी, कारण घरी कोणतीच वेळ निश्चित नसते. माध्यान्ह भोजनात दुसऱ्यांदा वाढताना त्याने मागण्याची वाट पाहू नये. अभ्यास राहिला तर मधल्या सुट्टीत बसण्यास एक कोपरा द्यावा. त्याने काही सांगितले तर ऐकून घ्यावे. ते शिक्षकखोलीत चघळू नये. घरातील दारूचे कारण आपणच, आपण नीट वागलो असतो तर बाबा प्यायले नसते, असे या मुलांना खोलवर वाटत असते. "हा तुझा दोष नाही, आणि तो बंद करणे हे तुझे काम नाही," ही दोन वाक्ये एखाद्या मोठ्या माणसाने शांतपणे उच्चारलेली त्याने बहुधा ऐकलेली नसतात. मारहाण होत असेल तर बालकांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी आहे, आणि तेथे कळविणे हे चहाडी करणे नव्हे.

हाच आजार शिक्षकालाही होतो, हे मौनाने झाकून काही साधत नाही. एखादा सहकारी वैद्यकीय रजा घेऊन उपचार करून परत येतो. त्या दिवशी शाळेत सर्वांचे डोळे त्याच्या चालीवर असतात. कोणी थट्टेने विचारतो, कोणी अति सहानुभूतीने. दोन्ही त्याला नकोसे असते. त्याला त्याचा वर्ग पूर्ववत द्यावा, हजेरीपट हाती द्यावा, आणि निवृत्तीच्या किंवा बढतीच्या पार्टीला बोलावताना ती पार्टी कोठे आहे याचा आधी विचार करावा. "एक घोट घेतल्याने काय होते," असे म्हणणारा सहकारी प्रत्येक तालुक्यात असतो. त्याला उत्तर द्यावयाचे काम बरे होऊ पाहणाऱ्याचे नव्हे, शेजारी बसलेल्याचे आहे. मुख्याध्यापकाने त्याच्या पाठीमागे चर्चा होऊ देऊ नये. परंतु तो प्यालेल्या स्थितीत वर्गावर आला तर मुलांपुढे ते झाकूही नये. त्याला त्या क्षणी वर्गाबाहेर नेऊन घरी पोहोचवावे, आणि दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना, कार्यवाही आणि उपचार यांविषयी स्पष्ट बोलावे. रात्री प्यालेल्याशी वाद घालणे हा वेळेचा अपव्यय आहे, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात या आजारावर सल्ला व उपचार मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ हे विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत. ते, आणि मुलांसाठी १०९८, हे शाळेच्या दर्शनी भिंतीवर, सुविचाराच्या फळ्याशेजारी, रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावेत. लहान मुलाला वाचता येतील इतक्या उंचीवर.